डाव्या बाजूची धूळ

सिडनीजवळच्या डोंगरातल्या यारांडू गावात माणूस खोकला की लोक त्याच्याकडे आदराने बघतात. इतर गावांत खोकणाऱ्यापासून चार हात लांब बसायची पद्धत आहे. इथे त्याला खुर्ची देतात. खाण बंद होऊन काही वर्षं झाली होती, खाणीवरचा चाकांचा मनोराही भंगारात गेला होता, पण ही रीत शाबूत होती. कामगार क्लबात खिडकीपाशी एक गोल टेबल होतं, दाराजवळ, वाटेत पायरी न लागणारं. तिथे फक्त धूळवाले बसत. म्हणजे ज्यांच्या फुप्फुसांत कोळशाची धूळ आहे हे सरकारी मंडळाने मान्य केलंय, असे. धूळवाल्याने आपल्या बिअरसाठी स्वतः उठायचं नाही, ती दुसऱ्या कुणीतरी आणून द्यायची, हा अलिखित कायदा होता. आणि तो लिहिलेल्या कायद्यांपेक्षा पुष्कळ बरा पाळला जायचा.

आयव्हर प्रॉसरने ही बिअर वर्षानुवर्षं आणून दिली.

तो धूळवाला नव्हता. तरुणपणी खाणीत उतरला, पण दोन वर्षं पुरी व्हायच्या आत कोळसा वाहणाऱ्या डब्याच्या चाकाखाली त्याचं पाऊल चिरडलं आणि त्याला वर दिव्यांच्या खोलीत बसवलं. सकाळी खाली जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याचा दिवा द्यायचा, संध्याकाळी परत घ्यायचा, पुसायचा आणि चार्जिंगला लावायचा. निवृत्त होईपर्यंत त्याने एवढंच केलं. खालच्या माणसांनी त्याचं नाव ‘सूर्यफूल’ ठेवलं होतं, कारण तो दिवसभर उजेडात असायचा. नावात विष नव्हतं. पण तीस वर्षं कुणी रोज ‘काय सूर्यफुला’ म्हणालं, तर माणसाला आपण कोणत्या बाजूचे हे विसरता येत नाही. आयव्हरही विसरला नाही. त्याचा बाप धुळीने गेला होता, थोरला भाऊ धुळीने गेला होता. घराण्यात एकटा हाच टवटवीत राहिला, आणि त्याची त्याला थोडी लाज वाटायची.

हे सगळं नेरिडाला ठाऊक होतं. ती त्याची बायको. शाळेच्या उपाहारगृहात काम करायची. अख्ख्या गावाला लहानपणी तिने सँडविच दिलेलं असल्यामुळे तिला कुणी उलट बोलत नसे. एक क्लेम हॅगर्टी सोडून. क्लेमला सँडविच देण्याइतकी ती मोठी नव्हती.

आयव्हर सदुसष्टाचा झाला तेव्हा त्याचं हृदय ताल सोडून धडधडायला लागलं. बसल्या जागी छातीत पाखरू फडफडल्यासारखं व्हायचं. गावातल्या जुन्या डॉक्टरांनी त्याला सिडनीला पाठवलं, आणि तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात जांघेतून तार आत घालून त्याचं हृदय डागलं. आपल्याकडे पोरांना पोटावर डाग देत, त्याच जातीचं काम, फक्त फार महागड्या यंत्राने केलेलं. फुप्फुसांतून ताजं रक्त हृदयात आणणाऱ्या चार शिरा असतात. बिघडलेला ताल त्यांच्या तोंडाशी सुरू होतो, म्हणून तिथे डाग द्यायचा. त्या काळी हे तंत्र नवं होतं आणि डॉक्टर शिरेत जरा जास्तच आत जाऊन डागत. ताल ताबडतोब सुधारला. आयव्हर तिसऱ्या दिवशी घरी आला. तीन महिन्यांनी तपासणीला गेला, तर हृदय घड्याळासारखं चालत होतं. गोळ्या बंद झाल्या. जुने डॉक्टर निवृत्त होऊन समुद्राकाठी राहायला गेले. त्यांचे कागद खोक्यांत गेले आणि खोकी कुणाच्या तरी गॅरेजात.

भाजलेली कातडी बरी होताना आक्रसते, हे चुलीशी वावरलेल्या कुणालाही माहीत असतं. आयव्हरच्या डाव्या बाजूच्या दोन्ही शिरा आक्रसत होत्या. रक्त डाव्या फुप्फुसात जात होतं, पण तिथून बाहेर पडायची वाट रोज थोडी अरुंद होत होती. ती पुरती मिटायच्या आत कुणाच्या लक्षात आली असती, तर फुप्फुस वाचलं असतं. यारांडूत हे कुणालाच माहीत नव्हतं. यारांडूत खोकला म्हणजे धूळ.

ऑक्टोबरात तो खोकायला लागला. क्लबात ट्रे हातात घेऊन उभा असताना एकदा इतका खोकला की ग्लास हिंदकळले.

“काय रे सूर्यफुला, ऊन बाधलं का?” कुणीतरी म्हणालं, आणि टेबल हसलं.

क्लेम हॅगर्टी हसला नाही. क्लेम म्हणजे युनियनचा जुना सेक्रेटरी. टेबलाभोवतीच्या निम्म्या लोकांचे भरपाईचे दावे त्याने मंडळासमोर लढवले होते. ऑक्सिजनचा सिलिंडर चाकांच्या गाडीवर घालून तो सगळीकडे न्यायचा. नाकात नळी असूनही त्याचा आवाज खोलीच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचायचा.

“थांबा रे,” तो म्हणाला. “हा खोकला मी ओळखतो.”

मग त्याने पायाने एक खुर्ची पुढे सरकवली.

“बस.”

“मी जरा बिअर...”

“तू बस. बिअर येईल.”

आणि बिअर आली. घरी येऊन हे नेरिडाला सांगताना आयव्हरचा चेहरा शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा झाला होता. नेरिडाने त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला खोकल्याबद्दल जे विचारायचं होतं ते तिने उद्यावर टाकलं.

दोन वर्षांपेक्षा कमी काळ खाली गेलेल्या माणसाला धूळ कशी लागली, हा प्रश्न टेबलावर निघाला खरा. पण क्लेमपाशी उत्तर तयार होतं.

“आमचे दिवे कोण पुसत होतं? हाच ना? आम्ही धूळ श्वासातून खाल्ली, ह्याने फडक्यातून खाल्ली. ह्याच्या छातीत माझी धूळ आहे, तुझी आहे, तुझ्या मेलेल्या सासऱ्याची आहे. अख्खी खाण आहे ह्याच्या छातीत!”

सगळ्यांना हे फार पटलं. इतका सुंदर सिद्धांत खरा नसेल, अशी शंका घ्यायचं धैर्य विद्यापीठातही थोड्यांनाच असतं.

दावा करायचा ठरला. क्लेम सिलिंडर ओढत प्रॉसरांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. नेरिडाने चहा ठेवला, स्कोन म्हणजे लोण्याशी खायचे घरचे छोटे पाव गरम केले.

“आता नीट ऐक,” क्लेम म्हणाला. “हृदयाचं नाव काढायचं नाही.”

“कुठे?” आयव्हरने विचारलं.

“कुठेच. डुगन फेलन आठवतो? मंडळासमोर भोळेपणाने सांगून बसला, मला हृदयाचाही त्रास आहे. झालं! म्हणाले, तुमचा दम हृदयाचा आहे, धुळीचा नाही, नमस्कार. त्याच्या फुप्फुसात शेगडी पेटवता आली असती इतका कोळसा होता. त्यांना फक्त निमित्त हवं असतं, बाबा.”

“पण डॉक्टरांना तरी सांगायला हवं ना?” नेरिडा म्हणाली.

“डॉक्टरला सांगितलं की ते लिहिलं जातं, आणि लिहिलेलं मंडळाकडे जातं. नेरिडा, तू मला स्कोन कसे करायचे ते सांग, मी ऐकेन. हे माझं काम आहे.”

“आणि मार्चमध्ये सिडनीला पुन्हा दाखवायला बोलावलंय, ते?”

“ठोके बरोबर पडताहेत का?”

“पडताहेत,” आयव्हर म्हणाला.

“मग हृदय बरं झालं. बऱ्या झालेल्या गोष्टीला कशाला दाखवायचं? दावा लागेपर्यंत तिकडे फिरकू नकोस.”

क्लेम लबाड नव्हता. मंडळाने आयुष्यभर त्याच्या माणसांना नाडलं होतं आणि ह्याच शहाणपणावर त्याने कितीतरी विधवांची घरं सावरली होती. शहाणपण खरंच होतं. ते चुकीच्या आजाराला लावलं गेलं, एवढंच.

गावात नव्या डॉक्टर आल्या होत्या, डॉ. रानसिंघे, श्रीलंकेतल्या कँडीच्या. त्यांनी एक्स-रे काढून उजेडावर धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला.

“मिस्टर प्रॉसर, धूळ बसते ती सहसा दोन्ही बाजूंना बसते. तुमची फक्त डावीकडे कशी?”

आयव्हरने खांदे उडवले.

“आधी कधी काही ऑपरेशन? काही मोठं दुखणं?”

“हर्निया. सत्त्याऐंशी साली.”

डॉक्टर नेरिडाकडे वळल्या. “आणखी काही?”

नेरिडाने पर्सची कडी उघडली आणि पुन्हा लावली. “नाही,” ती म्हणाली. “आणखी काही नाही.”

त्यांनी न्यूमोनियाचं औषध दिलं, मग आणखी जोरदार दिलं, मग तोंडाने ओढायचा पंप दिला. तीन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. सावली तिथेच होती, थोडी वाढलेली. एक्स-रेची हकिगत क्लबात गेली तेव्हा क्लेमने ती एका वाक्यात निकालात काढली. “डावीकडेच असणार! हा डाव्या कुशीवर झोपतो. धूळ खालीच बसते.” सगळे हसले, आणि हसण्याचा शेवट नेहमीप्रमाणे टेबलाला फेरी मारणाऱ्या खोकल्यात झाला. “आणि त्या बाई कँडीच्या,” क्लेम दम मिळाल्यावर म्हणाला. “तिथे चहा निघतो, कोळसा नाही.”

तो उन्हाळा आयव्हरच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला गेला, असं म्हणावं लागेल. तीस वर्षं ज्या गोष्टी त्याने ट्रे हातात घेऊन अर्धवट ऐकल्या होत्या, त्या आता त्याला सुरुवातीपासून ऐकायला मिळाल्या. छत कोसळलं त्या दिवशी कोण कुणाच्या अंगावर पडलं, कोण रडलं आणि कोण रडलो नाही असं अजून सांगतो. त्याचं मतही कुणी कुणी विचारायचं. घरी येताना मात्र त्याला पोस्टापाशी थांबावं लागायचं. मग पोस्टाच्या अलीकडे चर्चच्या भिंतीशी. मग नेरिडा गाडी घेऊन न्यायला जाऊ लागली. इतका खुशीत असलेला नवरा तिने लग्नानंतर पाहिला नव्हता, आणि त्याला बुटांची नाडी बांधतानाही दम लागत होता. ह्या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी होत असताना बायकोने नेमकं काय करायचं असतं, हे तिला सुचलं नाही. मार्चची सिडनीची तारीख आली आणि गेली. त्या दिवशी तिने हॉस्पिटलला फोन करायला रिसीव्हर उचलला, आयव्हर बाहेर शिट्टी वाजवत कुंपणाला रंग देत होता, दोन हात मारून बसत होता, पुन्हा उठत होता. तिने रिसीव्हर ठेवून दिला.

जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, गवतावर दहिवर गोठलेलं असताना, चुलीसाठी ढलप्या फोडता फोडता तो खोकला आणि पांढऱ्या गवतावर लाल ठिपके पडले. टेबलावरचे लोक काळं थुंकत. लाल कुणी थुंकलं नव्हतं.

“हे क्लेमला विचारायला हवं,” आयव्हर म्हणाला.

“आता क्लेमला नाही,” नेरिडा म्हणाली, आणि गाडीची किल्ली घेतली.

डॉ. रानसिंघेंनी त्याच दिवशी सिडनीला फोन लावला. रक्ताची गुठळी असेल नाहीतर कॅन्सर, फुप्फुसांचं स्कॅन तातडीने करायला हवं. अॅम्ब्युलन्सने दोघं डोंगर उतरून गेली. हॉस्पिटल तेच होतं, पण विभाग वेगळा, आणि एका विभागाचे कागद दुसऱ्याला आपोआप दिसत नसत. आयव्हरने आत शिरताना नेरिडाच्या हाताला चिमटा काढला. बोलू नकोस, असा त्याचा अर्थ. दावा अजून लागायचा होता.

स्कॅन दोन भागांत झालं. आधी त्याला एका नळीतून किंचित किरण सोडणारी वाफ ओढायला लावली आणि कॅमेऱ्याने हवा कुठेकुठे पोचते ते टिपलं. मग दंडात तसंच औषध टोचून रक्त कुठेकुठे पोचतं ते टिपलं. स्कॅनचे डॉक्टर तरुण होते, उंच, अवघडल्यासारखे वागणारे. त्यांनी दोघांना पडद्यासमोर बसवलं.

“ही हवा,” ते म्हणाले. पडद्यावर दोन फुप्फुसं होती, जुन्या झाडाच्या दोन अर्ध्यांसारखी. “आणि हे रक्त.”

दुसऱ्या चित्रात एकच होतं. डाव्या जागी पडद्याचा काळा रंग होता आणि वरच्या टोकाला एक फिकट डाग.

आयव्हर पडद्याकडे झुकला. “एक दिवा चार्जिंगला लावायचा राहिला वाटतं,” तो म्हणाला.

डॉक्टर हसले आणि मग हसू आवरलं. “गुठळी असती तर ठिकठिकाणी भोकं दिसली असती. अख्खी बाजू अशी जात नाही. हवा आत येतेय, पण रक्ताला पुढे जायला वाटच नाही म्हणून ते आतही शिरत नाही.” त्यांनी खुर्ची फिरवली. “तुमच्या हृदयाचं कधी काही केलंय का? तार घालून?”

“हर्निया,” आयव्हर म्हणाला. “सत्त्याऐंशी...”

“हो,” नेरिडा म्हणाली. “केलंय. ताल बिघडला होता म्हणून डागलंय.”

आयव्हरने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने भर क्लबात त्याची खुर्ची ओढून घेतली.

“कधी?”

“गेल्या वर्षी. इस्टरच्या आधी.”

“कुठे?”

“इथेच,” नेरिडा म्हणाली. “दोन मजले वर.”

डॉक्टरांनी खुर्ची पुन्हा पडद्याकडे फिरवली. मग त्यांनी फोन उचलून आणखी एक स्कॅन आजच हवं म्हणून सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला.

शिरेत रंग सोडून काढलेल्या त्या दुसऱ्या स्कॅनमध्ये डावीकडची खालची शीर नव्हतीच. जिथे ती हृदयाला मिळायला हवी तिथे गुळगुळीत भिंत होती. वरची केसाएवढी उरली होती. आयव्हरला खोलीत नेल्यावर नेरिडाने डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठलं.

“मार्चमध्ये आलो असतो तर?”

त्यांनी चष्मा काढला. “तेव्हा फुगा घालून रुंद करता आली असती. बहुतेक.”

नेरिडाने आभार मानले. तो ‘बहुतेक’ त्यांनी दयेपोटी घातला होता हे तिला कळलं, आणि त्या दयेचा तिला आयुष्यभर काही उपयोग झाला नाही.

वरच्या शिरेत फुगा घालून जाळीची नळी बसवली. काही आठवडे आयव्हर बरा चालला, मग तीही आक्रसली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. खालच्या शिरेला कुणी हात लावला नाही. उघडायला तिथे काही नव्हतं. त्याने त्यापुढचा एक हिवाळा काढला. दुसरा काढला नाही. साध्या सर्दीने उजवं फुप्फुस धरलं आणि डावीकडे राखीव असं काही नव्हतंच.

पण त्याआधीची गोष्ट राहिली. सिडनीहून परतताना आगगाडीत, डोंगर चढत असताना, त्याने खिडकीबाहेर बघत म्हटलं, “क्लेमला सांगायचं नाही.”

“काय सांगायचं नाही?”

“धूळच निघाली म्हणायचं.”

“का म्हणून? त्यानेच तर तोंड बंद ठेवायला लावलं ना! तो बोलला नसता तर तू मार्चमध्ये...”

“आणि आपण काय दोघं मुके होतो?”

नेरिडाचं बोट पर्सच्या कडीवर गेलं.

“त्याच्यापाशी श्वास किती उरलाय, नेरिडा?” आयव्हर म्हणाला. “तो हे गिळण्यात घालवायचा?”

दावा त्याने स्वतः फोन करून मागे घेतला. क्लबात तो एकदाच गेला, नंतर दम नाही म्हणून गेला नाही. टेबलाला चुकल्यासारखं वाटलं. शेवटी क्लेमच आला, सिलिंडर ओढत, आणि स्वयंपाकघरातल्या त्याच खुर्चीवर बसला. आयव्हर समोर. दोघांनाही बोलायच्या आधी हवा गोळा करावी लागत होती, त्यामुळे संभाषण एखाद्या कठीण पत्त्यांच्या डावासारखं चाललं होतं.

“दावा मागे घेतलास म्हणे.”

“प्रवास झेपत नाही रे. मंडळ सिडनीत, मी इथे.”

“मी त्यांना इथे आणलं असतं! कॉलर धरून!” मग बराच वेळ नुसता श्वास. “सिडनीवाले काय म्हणाले?”

“धूळ.”

“डावीकडची?”

“डावीकडची.”

“सांगितलं होतं ना मी?”

“सांगितलं होतंस,” आयव्हर म्हणाला.

नेरिडा सिंककडे तोंड करून कप धूत होती. धुतलेला कप तिने पुन्हा धुतला.

क्लेम निघाला तेव्हा ती त्याचा सिलिंडर घेऊन फाटकापर्यंत गेली, कारण वाटेवरच्या खडीत चाकं अडकत. तो मधेच थांबला. दम खाण्यासाठी थांबला असं तिला वाटलं, म्हणून तीही थांबली.

“नेरिडा.”

“काय?”

“हृदयाचंच होतं ना?”

तिच्या हातात त्याची हवा होती. त्याच्याकडे बघताना तिला जाणवलं की ह्या माणसाला काय काय सुनावायचं ते तिने सिडनीपासून ओळीने ठरवून ठेवलंय, त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, आणि ते सगळं त्याच्या डोळ्यांत आधीच पोचलंय.

“हो, क्लेम,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली. तिने त्याला न्यायला आलेल्या गाडीत बसवलं, सिलिंडर त्याच्या पायांशी उभा केला आणि नळीला पीळ पडला होता तो काढला. गाडी वळून गेली तरी ती फाटकाशीच उभी होती. मग आत आली.

“काय म्हणाला गं?” आयव्हरने विचारलं.

“काही नाही,” नेरिडा म्हणाली. “वारा गार सुटलाय म्हणाला. तुला घराबाहेर पाठवू नकोस म्हणाला.”

“बघ,” आयव्हर म्हणाला. “काळजी करतो बिचारा.”

आणि तिने पुढे केलेला कोट निमूटपणे खांद्यावर घेतला.